माळेवाडीचा शनिवार

१

सोमवारी सकाळी माळेवाडीच्या दूध संस्थेचे अध्यक्ष आबाराव धाराशिवला दूध संघाच्या ऑफिसात आले ते खांद्यावर रिकामं दावं टाकून. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. चेअरमन नानासाहेबांच्या टेबलावरची काच म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आबारावांनी नेमकं तिच्यावर ते शेणामातीचं दावं ठेवलं आणि हात मागं बांधून उभे राहिले.

"कपिली गेली," ते म्हणाले. "काल बसली ती उठलीच न्हाय. लई दुधाची गाय होती, चेअरमनसाहेब. आता एकदा सांगून टाका, आमची पेंड कोण खातंय?"

सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. कडब्याची गंजी कुठं दिसली तर लोक थांबून बघत, अशी जिल्ह्याची दशा. अशात संघ आपल्या सभासद संस्थांच्या गाईम्हशींना पेंड पुरवत होता, आणि तेवढ्यावर कितीतरी दावणी तग धरून होत्या. गावांना वार वाटून दिले होते. सोमवारी ही गावं, मंगळवारी ती, असा तक्ता ऑफिसच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेला होता. रविवारी फेरा नाही. माळेवाडी तेरखेड्याच्या पलीकडं डोंगरात, रस्ता नावालाच, जाऊन यायला दिवस मोडतो. म्हणून शनिवार तिला एकटीला दिलेला. आणि पाडव्यापासून एकाही शनिवारी माळेवाडीत गाडी पोचली नव्हती.

कोपऱ्यात शांत बसून हे सगळं ऐकत होते मार्तंडराव. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, पण पूजा धाकट्या भावाकडं सोपवून यांनी सगळी हयात कोर्टात घालवली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. वकिलांची भाषणं आणि साक्षीदारांच्या थापा इतकी वर्षं ऐकल्यावर माणसाला दोन सवयी लागतात, एक म्हणजे कमी बोलणं आणि दुसरी म्हणजे कुणाचं पटकन खरं न मानणं. नानासाहेबांनी त्यांना चौकशीसाठी बोलावलं होतं खरं, पण चौकशीचा निकाल आपल्या मनात तयार ठेवूनच.

आबाराव बाहेर गेल्यावर नानासाहेबांनी दार लोटलं. "मार्तंडराव, चोर ठाऊक आहे," ते म्हणाले. "बुधवारी संचालकांची सभा आहे. तिला काढायचंच आहे. फक्त ते रीतसर दिसलं पाहिजे, म्हणून तुम्ही."

"तिला म्हणजे?"

"आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरीला."

२

कॉम्प्युटर म्हणजे त्या काळी संघाची शान. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला पडदे, आणि चपला दाराबाहेर. तो चालवायला नेमलेली चंद्रप्रभा माळेवाडीच्याच बौद्ध वस्तीतली. सोलापुरात शिकलेली. पाडव्याआधी ती रोज दहाला यायची, यंत्राला आपलं नाव आणि खुणेचा शब्द द्यायची, प्रोग्राम चालवायची. मग आज कुठल्या गावात कुणाला किती पेंड, याची लांब चिठ्ठी प्रिंटरमधून निघायची आणि ड्रायव्हर सिदू ती घेऊन गाडी काढायचा. पण उन्हानं टायर फुटायला लागले. म्हणून पाडव्यापासून असं ठरलं, की यंत्रानं पहाटे पाचला आपलं आपण उठावं, चिठ्ठी छापावी आणि सिदूनं उजाडायला निघावं. सोलापूरहून इंजिनिअर रेवणप्पा येऊन तशी व्यवस्था लावून गेले. तेव्हापासून माळेवाडी गायब.

तक्रारी वाढल्यावर संचालकांनी एका दुपारी रेवणप्पांना बोलावून यंत्राची परीक्षाही घेतली होती. चंद्रप्रभेनं हातानं प्रोग्राम चालवला, त्या दिवसाची चिठ्ठी तक्त्याबरहुकूम आली. मग बाराच्या ठोक्याला यंत्राला एकट्याला चालू दिलं. तरी तीच चिठ्ठी, अक्षराचा फरक नाही.

"म्हणजे यंत्र खोटं बोलत नाही," नानासाहेब म्हणाले. "मग उरलं कोण? संध्याकाळी जाताना हीच त्यात काहीतरी कालवून जाते. आणि कारणही आहे हो. माळेवाडीची संस्था हिच्या आईचं दूध घेत नाही. कधीच घेतलं नाही. सूड उगवतेय पोरगी."

मार्तंडरावांनी एवढंच विचारलं, की न गेलेली पेंड कुठं आहे. ती गोदामातच पडून होती, पोती जुळत होती. म्हणजे चोरी झालेली नव्हती. पेंड विकून पैसे करावेत, असा कुणाचा बेत नव्हता. हे त्यांनी मनाच्या एका कप्प्यात टाकलं.

चंद्रप्रभेला यंत्राच्या खोलीत जायला मनाई होती, म्हणून ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. मार्तंडराव शेजारी बसले. त्यांनी गोडीगुलाबीनं विचारायचं ठरवलं होतं, पण तिनं ती वेळच येऊ दिली नाही.

"आबारावांचा राग आहे का म्हणून विचारणार ना, साहेब? आहे. लहानपणापासून आहे. आई दुधाची चरवी घेऊन संस्थेच्या दारात उभी राहायची आणि तशीच परत यायची, ते मी बघितलंय. पण गाईंनी माझं काय केलं? माळेवाडीच्या निम्म्या गाई मी चारायला नेल्यात. कपिली मला हाकेवर यायची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला काढायचं तर काढा. पण मी मुकी जनावरं मारली, हे नाव लावून काढू नका. माझ्या मागं वस्तीतल्या दुसऱ्या पोरीला कुणी यंत्राजवळ उभं करणार न्हाई."

मार्तंडरावांना तिचं म्हणणं आवडलं. पण आवडलेली साक्ष खरी असतेच असं नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. ते उठले. आवारात सिदू गाडी धूत होता, बाजूला पंप, अंगावर नुसतं बनियन आणि तोंडात गाणं. तिकडं जाता जाता त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला: आज सोमवार, फेऱ्याचा दिवस. मग गाडी इथं कशी?

३

सिदूला तोच प्रश्न विचारला तर त्यालाच आश्चर्य वाटलं. "सोमवारी सुट्टी असती की, साहेब."

"कुणी दिली?"

"कुणी म्हंजी? पाडव्यापासनं सोमवारी चिठ्ठीच कोरी येती. वर संघाचं नाव, खाली काय न्हाय. म्या म्हणलं, उन्हाचं चेअरमनसाहेबांनी दोन दिस सुट्टी लावली. लई चांगला माणूस."

"आणि तू कुणाला विचारलं नाहीस?"

सिदूनं फडकं पिळलं आणि त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मार्तंडरावांना आपलाच प्रश्न वेडगळ वाटला. सुट्टी मिळाली म्हणून तक्रार करणारा माणूस त्यांनी तरी कुठं पाहिला होता! नानासाहेब अकराच्या आत येत नाहीत, तोवर धुतलेली गाडी झाडाखाली लागलेली असते. कोण विचारणार?

बाकीच्या दिवसांबद्दल सिदू भरभरून बोलला. मंगळवारी बोरखेडकडचा फेरा, बुधवारी नदीकडचा, असं करत करत शनिवारी हायवेवरची गावं. माळेवाडीचं नाव चिठ्ठीत कधी आलंच नाही, आणि चिठ्ठीत नाही त्या गावाला गाडी नेली तर डिझेल पगारातून कापतात. पेंड विकल्याचा आळ कुणी घेतला तर गाडीखाली झोपेन, असंही त्यानं शपथेवर सांगितलं. ही शपथ तो बहुधा दर महिन्याला घेत असावा.

मार्तंडराव परत ऑफिसात जाऊन भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे राहिले. बोरखेडकडचा फेरा तिथं सोमवारी रंगवलेला होता. नदीकडचा मंगळवारी. हायवेवरची गावं शुक्रवारी.

त्यांनी आवारातच बोरखेडच्या एका दूधवाल्याला गाठलं, तो किटल्या धूत बसला होता. तो म्हणाला, व्हय, आधी सोमवारी यायची गाडी, आता मंगळवारी येते. पाडव्याला वेळ बदलली तेव्हा वारही बदलले असतील. पेंड मिळते ना? मग झालं.

म्हणजे प्रत्येक गाव एक दिवस मागं गेलं होतं आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता, कारण पेंड येत होती. फक्त माळेवाडीला ती येत नव्हती. नानासाहेबांनी सोयीसाठी एक चोर धरला होता, पण हा चोर तर सगळ्या जिल्ह्याला एक दिवस उशिरा धावायला लावत होता. चंद्रप्रभेला सूड घ्यायचा असता तर तिनं एक नाव खोडलं असतं. सगळा आठवडा कशाला सरकवला असता?

जाताना त्यांनी फाटकाशी वॉचमन पिराजीला हटकलं. पिराजी रात्रभर यंत्राच्या खोलीबाहेर झोपतो, म्हणजे झोपतोच. पण प्रिंटर सुरू झाला की त्याची झोप मोडते, त्यामुळं त्या आवाजाचा त्याला मनापासून राग.

"रोज पहाटे कर्र कर्र कर्र, कान किटतात," तो म्हणाला. "एक सोमवार तेवढा बरा. दोनदा टर्र करतंय अन् गप बसतंय. पर रविवारी पुन्हा हायेच बोंबलत."

"रविवारी?" मार्तंडराव थबकले. "रविवारी तर फेरा नसतो. छापतं काय ते?"

"मला काय वाचता येतंय, साहेब? पडल्याला कागद आमची विठा न्हेती घरला."

४

मार्तंडराव संध्याकाळच्या एसटीनं तुळजापूरला घरी आले. जेवणात लक्ष नव्हतं. त्यांच्या बायकोनं, शारदाबाईंनी, दोनदा विचारलं आणि मग नाद सोडला.

पहाटे त्यांना जाग आली तेव्हा शारदाबाई चुलीपाशी बसून चहात कालची भाकरी बुडवून खात होत्या. आता मंगळवार म्हणजे देवीचा वार. लग्न झाल्यापासून शारदाबाईंनी मंगळवारचा उपास मोडला नव्हता. मार्तंडरावांना चेष्टेची लहर आली. "अहो, आज मंगळवार. पाप लागेल की."

शारदाबाईंनी शांतपणे घास संपवला. "बाहेर बघा. सूर्य उगवलाय का? मग मंगळवार कुठला? अजून सोमवारच आहे माझा."

मार्तंडराव हसले, आणि हसता हसता तसेच उभे राहिले. शारदाबाईंनी पुढं केलेला कप त्यांनी घेतलाच नाही.

पहाटेचे पाच. कॅलेंडरवर मंगळवार, आणि हिच्या लेखी सोमवार. एकाच घरात, एकाच घटकेला दोन वार. जन्मभर तिथ्या आणि वारांच्या गावात राहून ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. नवीन होतं ते एवढंच, की ती यंत्रालाही लागू पडत असेल तर?

ते चुलीपाशीच फतकल मारून बसले आणि बोटांवर मोजायला लागले. सोमवारी पहाटे यंत्राला रविवार वाटतो, रविवारी फेरा नाही, चिठ्ठी कोरी. मंगळवारी पहाटे त्याला सोमवार वाटतो, सोमवारची गावं. असं सरकत सरकत शनिवारी शुक्रवारची. आणि शनिवारची चिठ्ठी? ती छापली जाते रविवारी पहाटे, जेव्हा सिदू आपल्या घरी गाढ झोपलेला असतो.

"माळेवाडीची चिठ्ठी दर आठवड्याला निघते आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "घ्यायलाच कुणी नसतं."

"आधी चहा घ्या," शारदाबाई म्हणाल्या.

५

तर्क झकास होता, पण एक पाय लंगडा. कॉम्प्युटर काही उपास धरत नाही. मंगळवारी दुपारी इंजिनिअर रेवणप्पा सोलापूरहून आले तेव्हा मार्तंडरावांनी त्यांना यंत्राच्या खोलीत नेलं, चंद्रप्रभेलाही बोलावून घेतलं आणि विचारलं, "याचा दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो का हो?"

रेवणप्पा मोठ्यांदा हसले. "काका, हे मशीन आहे. याचा दिवस रात्री बाराला बदलतो."

"कुठल्या गावचे रात्री बारा?"

रेवणप्पांचं हसू ओसरलं. चंद्रप्रभेनं झटकन मान वर केली, आणि कोडं सुटायला लागलं ते तिच्या चेहऱ्यावर आधी दिसलं. ती म्हणाली, मी यंत्राला नाव देते तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या नावावर लिहिलेल्या सूचना वाचतं. त्यात एक ओळ आहे, की आपलं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढं. ते आपोआप उठतं तेव्हा कुणाचंच नाव नसतं, म्हणून ती ओळ कुणी त्याला वाचूनच दाखवत नाही.

"मग ते लंडनच्या घड्याळानं चालतं," मार्तंडराव म्हणाले. "आपल्याकडं पहाटेचे पाच, आणि त्याच्या लेखी अजून आदली रात्र. दुपारी तुम्ही परीक्षा घेतलीत तेव्हा दोन्हीकडं वार एकच होता, म्हणून ते पास झालं. पण रेवणप्पा, मला एक सांगा. लंडनच्या घड्याळानं पाच वाजता उठलं असतं तर ते आपल्याकडं साडेदहाला उठलं असतं. मग पाडव्यापासून बरोबर पहाटे पाचला कसं उठतं?"

रेवणप्पा कबूल झाले. पहिल्या दिवशी ते साडेदहालाच उठलं होतं. संध्याकाळची सोलापूरची गाडी गाठायची होती. म्हणून त्यांनी पाचच्या जागी रात्रीचे साडेअकरा लिहिले. उठायची वेळ जुळली आणि ते निघून गेले. वार चुकेल हे डोक्यात आलंच नाही.

"मी मुद्दाम नाही केलं," ते म्हणाले. "ते आपलं आपण तसंच चालत राहिलं."

"आणि या पोरीवर आळ आला तेव्हा?"

रेवणप्पांनी घाईनं कीबोर्डकडं हात नेला. मार्तंडरावांनी त्यांना काही दुरुस्त करू दिलं नाही. "उद्या पहाटे," ते म्हणाले, "सगळ्यांसमोर. कुणीही हात लावायचा नाही."

६

बुधवारी अंधारातच नानासाहेब, संचालक मंडळी, आबाराव, सिदू, रेवणप्पा आणि चंद्रप्रभा यंत्राच्या खोलीत जमले. पहाटे उठावं लागल्यामुळं संचालकांची तोंडं आंबट झालेली. पाच वाजले. यंत्राला कुणी शिवलं नव्हतं. प्रिंटर कर्कर करायला लागला आणि चिठ्ठी निघाली: मंगळवारची गावं.

लगेच चंद्रप्रभेनं आपलं नाव देऊन तोच प्रोग्राम हातानं चालवला. आली बुधवारची गावं.

"बघा!" नानासाहेब म्हणाले. "हिनं हात लावला की बरोबर, नाही लावला की चूक. मी काय सांगत होतो?"

"जरा दम धरा," मार्तंडराव म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून रेवणप्पांनी यंत्राला उजाडल्यावर पुन्हा एकदा आपोआप उठायला लावलं. सगळ्यांनी दारातच चहा घेतला. बाहेर उन्हाची तिरीप आली तेव्हा प्रिंटर पुन्हा बोलला. पुन्हा कुणी हात लावला नव्हता, आणि या वेळी गावं आली बुधवारची.

मार्तंडरावांनी मग सगळं उलगडून सांगितलं, लंडनच्या घड्याळापासून सिदूच्या सुट्टीपर्यंत. सिदू सुट्टी जाणार म्हणून हिरमुसला. तरीही एका संचालकानं शंका काढली, की रविवारी माळेवाडीचीच चिठ्ठी निघते हे कशावरून? तेव्हा मार्तंडरावांनी दाराकडं हाक मारली. पिराजीची बायको विठाबाई ताट घेऊन आत आली. ताटात वाळलेले सांडगे होते. दर रविवारी पडलेला कागद ती घरी नेऊन त्यावर सांडगे घालत होती. मार्तंडरावांनी एक सांडगा उलटा केला आणि घरून खिशात आणलेल्या बायकोच्या आरशासमोर धरला. बुडाला प्रिंटरची काळी इंग्रजी अक्षरं उलटी उमटली होती. नानासाहेबांनी चष्मा चढवून ती एकेक करून वाचली: माळेवाडी.

कुणीतरी हसलं, आणि आबारावांच्या तोंडाकडं बघून गप्प झालं. नानासाहेबांनी घसा साफ केला. "चंद्रप्रभा, झालं ते झालं. उद्यापासून कामाला लाग. येत्या शनिवारी माळेवाडीला दुप्पट पेंड जाईल. चला, मिटलं."

मार्तंडरावांनीही टोपी डोक्यावर ठेवली. पण चंद्रप्रभा जागची हलली नाही.

"मिटलं न्हाई, साहेब," ती म्हणाली. "यंत्रानं एक गाव सोडलं तर चौकशी बसली. इंजिनिअर आले, तुम्ही सगळे पहाटे उठून आलात. माझी आई सभासद न्हाई, म्हणून तिच्या गाईला पेंड पाडव्याआधीबी मिळत नव्हती. ते कुणाच्या घड्याळानं चाललंय, हे कोण शोधणार?"

मार्तंडरावांनी टोपी पुन्हा काढली आणि खुर्ची ओढून बसले. कोर्टात कितीदा खटला संपल्यावर त्यांनी कागद बांधले होते आणि घरी जाऊन जेवले होते. आज त्यांना तसं उठवेना.

"आबाराव, बसा," ते म्हणाले. "हा प्रश्न तुम्हाला आहे."

आबाराव बसले. "आमी काय ठरवून केलं न्हाय," ते म्हणाले. "आमच्या आधीपासनं तसं चालत आलंय. कुणी बदललं न्हाय, म्हणून चालत राहिलं."

"काल रेवणप्पाही हेच म्हणाले," मार्तंडराव म्हणाले.

नानासाहेबांच्या टेबलावरून ते दावं कुणीतरी उचलून यंत्राच्या खोलीबाहेर, चपलांशेजारी टाकलं होतं. दारातून ते दिसत होतं. आबाराव त्याकडं बघत होते. मग ते सिदूकडं वळले.

"शनिवारी येशील तवा पहिलं पोतं वस्तीत उतरव. चांगुणाबाईंच्या दारात. तोवर मी त्यांना सभासद करून घेतो."

चंद्रप्रभेनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या आईला गावात सगळे चांगुणी म्हणत, लहान पोरंसुद्धा. आबारावांच्या तोंडून बाई हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. पण ती तेवढ्यावर विरघळणारी नव्हती.

"आन् दूध?" तिनं विचारलं. "दारात उभं राहून घालायचं, का आत येऊन?"

आबाराव उठले. दारात जाऊन त्यांनी ते दावं खांद्यावर टाकलं.

"आत येऊन," ते म्हणाले.

ते फाटकाबाहेर जाईपर्यंत चंद्रप्रभा बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि घड्याळाची ती एक ओळ यंत्राला अशा जागी लिहून दिली, की ते कुणाच्याही नावाशिवाय उठलं तरी त्यानं ती आधी वाचावी.